‘पानी’, ‘पाणी’ आणि ‘वॉडर’

“आई, पुढच्या पालकसभेला तू नको येऊस. बाबांनाच पाठव.”

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. आमची लेक सातवीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. आजवर पालकसभेला आईनं कोणती साडी नेसायची हेसुद्धा तीच ठरवायची. आणि आज हे काय नवीन?

“का गं? मी काय केलं?”

आधी काही बोलेचना. मग पानातल्या भाजीकडे बघत हळूच म्हणाली, “तू सभेत उठून ‘शेड्यूल’ म्हणालीस. मॅडम ‘स्केज्यूल’ म्हणाल्या. मागे बसलेल्या सगळ्या मुली हसल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला ‘शेड्यूल, शेड्यूल’ करून चिडवत होत्या.”

तव्यावरची पोळी करपली. खरं सांगते, सभेत उभं राहण्याआधी ते एक वाक्य मी मनातल्या मनात चार वेळा घोळवलं होतं. परीक्षेचं वेळापत्रक कधी मिळेल, एवढंच विचारायचं होतं. विचारलं, उत्तर मिळालं, आणि मी समाधानानं खाली बसले. मागे कुणी हसतंय हे माझ्या गावीही नव्हतं!

बरं, मी काही अगदीच अडाणी नाही. बी. ए. झाले आहे. आठवड्यातून चार दिवस एका मराठी शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. म्हणजे दुखणं दुहेरी. लेकीला आईची लाज वाटली हे एक. आणि माझ्या वर्गातली चाळीस पोरं जे इंग्रजी माझ्या तोंडून ऐकतात, तेच मुळात चुकीचं आहे की काय, ही दुसरी धास्ती.

रात्री भांडी आवरल्यावर कॉलेजातला जुना शब्दकोश माळ्यावरून काढला. धूळ झटकून शब्द शोधला. बघते तर काय, दोन्ही उच्चार दिलेले! इंग्लंडचा पारंपरिक उच्चार ‘शेड्यूल’, अमेरिकेचा ‘स्केज्यूल’. मी तशीच लेकीला उठवायला निघाले. हे म्हणाले, “झोपू दे तिला. सकाळी खटला चालव.”

सकाळी खटला काही चालवला नाही. पण एकाच शब्दाचे दोन उच्चार, आणि दोन्ही बरोबर, हे होतं तरी कसं, या प्रश्नानं मला धरलं. पुढचे दोन-तीन महिने जमेल तेव्हा वाचनालयात बसले, मोबाईलवर देशोदेशींच्या बातम्या ऐकल्या, टिपणं काढली. त्यातून जे हाती लागलं ते मैत्रिणींपुढे ठेवते आहे. कारण इंग्रजी बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडणारी मी काही एकटीच नसणार.

माहेरची रीत

हा ‘शेड्यूल’ शब्द मुळात फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पूर्वी तो ‘सेड्यूल’सारखा उच्चारत. पुढे विद्वानांनी लॅटिनच्या धर्तीवर त्याचं स्पेलिंग बदललं, आणि स्पेलिंगकडे बघून लोकांचे उच्चार फुटले. इंग्लंडनं ‘शे’ धरला, अमेरिकेनं ‘स्के’. आता तर इंग्लंडातली तरुण मुलंही सर्रास ‘स्केज्यूल’ म्हणतात. आपल्याकडे राज्य इंग्रजांचं होतं, म्हणून आपल्या शिक्षकांनी ‘शेड्यूल’ शिकवलं. ‘लेफ्टनंट’चंही तेच. अमेरिकन सैन्यात त्यालाच ‘लूटेनंट’ म्हणतात.

याहून गमतीची गोष्ट ‘र’ची. ‘कार’, ‘वॉटर’, ‘मदर’ या शब्दांच्या शेवटचा ‘र’ अमेरिकन माणूस जीभ वळवून ठसठशीत म्हणतो. लंडनचा माणूस तो गिळतो. त्याचं होतं ‘काऽ’, ‘वॉटऽ’, ‘मदऽ’. आपल्याला वाटतं, इंग्रजी मूळची इंग्लंडची, तेव्हा ‘र’ न म्हणणं हेच अस्सल. अमेरिकेनं ती बिघडवली. पण आहे उलटंच! इंग्लंडहून पहिली कायम टिकलेली वस्ती अमेरिकेत गेली ती १६०७ साली. तेव्हा इंग्लंडातसुद्धा बहुतेक सगळीकडे ‘र’ म्हणत होते. तो ‘र’ वसाहतवाल्यांबरोबर जहाजातून गेला आणि तिकडे बराचसा टिकला. इकडे दक्षिण इंग्लंडात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो लोकांच्या जिभेवरून गळत गेला.

म्हणजे लेक माहेरची रीत घेऊन सासरी जावी, तिनं ती तिथं सांभाळावी, आणि इकडे माहेरी वहिनींच्या राज्यात रीतच बदलून जावी, तसं झालं. मराठीत याचं उदाहरण हवं असेल तर तंजावरकडे बघा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मराठीत आपल्याकडे मागे पडलेली जुनी रूपं आजही सापडतात. आपण त्यांना हसायचं, की आपल्या पणजीची बोली टिकवली म्हणून त्यांचं कौतुक करायचं?

‘ग्लास’, ‘लास्ट’, ‘बाथ’ या शब्दांचीही हीच कथा. दक्षिण इंग्लंडात त्यांत लांब ‘आ’ आहे. अमेरिकेत ‘ग्लॅस’, ‘बॅथ’. उत्तर इंग्लंडातही स्वर आखूडच. तो लांब ‘आ’ दक्षिणेत रुजला तोही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निघून गेलेल्या अमेरिकनांना तो कुठून मिळणार?

आणि ऑस्ट्रेलिया? तिथं इंग्रजांची पहिली वसाहत झाली १७८८ साली, कैद्यांना घेऊन गेलेल्या जहाजांतून. त्यांतले पुष्कळ लोक लंडन आणि आसपासच्या भागातले. दक्षिण इंग्लंडचा ‘र’ तोवर गळू लागला होता. तेव्हा ऑस्ट्रेलियातही शेवटचा ‘र’ ऐकू येत नाही. कोण कुठून निघालं आणि कधी निघालं, यावर सगळा खेळ!

एमा चिसिट बाईंची गोष्ट

ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला की आमच्या घरी हसू आवरत नाही. माझी नणंद मेलबर्नला असते. तिचा मुलगा तिथंच वाढलेला. व्हिडिओ कॉलवर तो ‘टुडे’ म्हणतो ते कानाला ‘टुडाय’सारखं लागतं. पहिल्यांदा सासूबाईंनी घाबरून विचारलं होतं, “अगं, ‘डाय’ काय म्हणतोय तो? कोण गेलं?” तिथला ‘मेट’ म्हणजे मित्रही ‘माइट’सारखा ऐकू येतो.

पण बुचकळ्यात फक्त आपणच पडतो असं समजू नका. १९६४ साली इंग्लंडच्या लेखिका मोनिका डिकन्स सिडनीला गेल्या होत्या. या बाई म्हणजे थोर कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या पणती. पुस्तकाच्या दुकानात त्या वाचकांना सह्या देत बसल्या होत्या. एक बाई पुढे आल्या, पुस्तक समोर धरलं आणि म्हणाल्या, “एमा चिसिट.” मोनिकाबाईंनी ते त्यांचं नाव समजून पुस्तकावर लिहिलं, ‘एमा चिसिट यांना’, आणि खाली सही केली. बाई बिचाऱ्या विचारत होत्या, “हाउ मच इज इट?” म्हणजे, केवढ्याला हे? ही गोष्ट वर्तमानपत्रात छापून आली आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियन उच्चारांवर एक विनोदी पुस्तकही निघालं.

आता बघा. दोघींची मातृभाषा इंग्रजी. एक तर घरंदाज लेखिका. तरी एकीचं दुसरीला कळेना! आणि आपण मात्र एका शब्दासाठी रात्रभर तळमळतो.

ऑस्ट्रेलियाच्या शेजारी न्यूझीलंड. तिथं ‘फिश’चं ‘फश’सारखं होतं आणि ‘पेन’ आपल्या कानाला ‘पिन’ वाटतं. ऑस्ट्रेलियन लोक त्यावरून त्यांना चिडवतात. न्यूझीलंडचे लोक उलट ‘फीश’ म्हणून ऑस्ट्रेलियनांची फिरकी घेतात. शेजारणी-शेजारणींची ही थट्टा जगभर चालू आहे.

वेस्ट इंडीजमध्ये जमैकाला बोलीभाषेत ‘कॅट’ला ‘क्याट’ म्हणतात. हे वाचून तर मी उडालेच. माझे आजोबा ‘ब्यांक’ आणि ‘म्यानेजर’ म्हणायचे, त्याला आम्ही नातवंडं हसत होतो. जुन्या मराठी पुस्तकांतही तसंच लिहिलेलं सापडतं. ‘ॲ’साठी अक्षरावर चंद्र काढण्याची सोय मराठीत नंतर रुळली. सातासमुद्रापलीकडे लोक आजोबांसारखंच बोलत होते, याची आम्हांला काय कल्पना!

चौथ्या मजल्यावर जायचंय

मग यांतला शुद्ध उच्चार कोणता? या प्रश्नाचं उत्तर मला एका दुकानाच्या गोष्टीत मिळालं. बायकांच्या ओळखीचीच जागा.

१९६२ साली विल्यम लबॉव्ह नावाचे एक अभ्यासक न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत गेले. एक अगदी महागडं, एक मध्यम, एक स्वस्तातलं. आपल्याकडे कसं, एक वातानुकूलित साडी-दालन, एक पेठेतलं दुकान आणि एक सेलचं दुकान, तसं समजा. प्रत्येक ठिकाणी त्यांनी विक्रेत्यांना अशी एखादी वस्तू कुठे मिळेल म्हणून विचारलं, की जी चौथ्या मजल्यावरच मिळते. उत्तर यायचं, “फोर्थ फ्लोअर.” मग ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचं. दोन शब्द, दोन ‘र’. तो ‘र’ ऐकू येतो का, एवढंच ते टिपून घेत. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी ‘र’ गिळायची सवय पुष्कळांना होती, पण वरच्या वर्गात ‘र’ म्हणणं प्रतिष्ठेचं होऊ लागलं होतं.

काय दिसलं? महागड्या दुकानात शंभरातल्या ६२ जणांनी निदान कधीतरी ‘र’ उच्चारला. मध्यम दुकानात ५१ जणांनी. स्वस्त दुकानात अवघ्या २० जणांनी. सगळेच पगारी नोकर. पण महागड्या दुकानातल्या विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांचं बोलणं उचललं होतं.

आता खरी गंमत पुढे आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘र’ म्हणणारा तो बडा. आणि इंग्लंडात? तिथं उलट. ‘र’ ठसठशीत म्हटला की तो नैर्ऋत्येकडचा शेतकरी वाटतो, आणि ‘र’ गिळला की सुशिक्षित! म्हणजे तोच ‘र’. एका गावी भरजरी शालू, दुसऱ्या गावी पटकूर. मग दोष ‘र’मध्ये आहे का? मुळीच नाही. कुठला उच्चार उंची आणि कुठला गावंढळ, हे त्या आवाजावरून ठरत नाही. तो कोणाच्या तोंडून येतो, त्यावरून लोक ठरवतात.

इंग्लंडातल्या लोकांनाही हा जाच चुकलेला नाही. बी. बी. सी. नं १९२६ साली निवेदकांचे उच्चार ठरवायला एक समितीच नेमली. पुढे १९३० पासून बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष होते. उच्चारावरून माणसाची किंमत कशी ठरते यावर नाटक लिहिणारे तेच शॉ. त्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणलं. सासूबाईंनी भक्ती बर्वेंची फुलराणी पाहिली आहे, आणि त्यांना अजून ती आठवते. बी. बी. सी. वर जी नागर इंग्रजी ऐकू यायची, ती तशी बोलणारे खुद्द ब्रिटनमध्ये शेकडा तीनच असावेत, असा पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा अंदाज होता. बाकीच्या सत्त्याण्णवांचं काय? १९४१ साली, ऐन युद्धात, विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशायरच्या माणसानं बी. बी. सी. वर बातम्या दिल्या आणि शेवटी आपल्या गावाकडच्या पद्धतीनं ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हटलं. झालं! श्रोत्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. बातम्या त्याच, पण आवाज ‘आपल्यातला’ नव्हता.

माझं ‘पानी’

हे वाचत असताना माझं मलाच काहीतरी आठवत होतं. माझं माहेर अकोल्याकडचं, सासर साताऱ्याचं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांना विचारलं, “पानी आणू?” आतल्या खोलीत हसण्याचा फवारा उडाला. एकदा “मी येऊन राहिली” म्हटलं, तर नणंदेनं ते चार दिवस सगळ्यांना करून दाखवलं. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. पण त्यानंतर कित्येक दिवस कोणतंही वाक्य बोलायच्या आधी मी ते मनात घोळवून घेत असे. पालकसभेत घोळवलं तसंच. ‘ण’ माझ्या जिभेवर बसला तो त्या दिवसांत.

आणि मग आणखी एक आठवलं, त्याची मात्र लाज वाटली. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलानं धडा वाचताना ‘फिल्म’ला ‘फिलम’ म्हटलं. मी हसून म्हणाले, “फिलम नाही रे राजा, फिल्म!” वर्ग खो खो हसला. त्या मुलानं पुढे वर्षभर वाचायला हात वर केला नाही. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आलं नाही. आता वाचते आहे, तर आयर्लंडमध्ये पुष्कळ लोक ‘फिलम’च म्हणतात! इंग्रजीत जगाला भरभरून साहित्य देणारा देश तो. तिथं ‘थ्री’सुद्धा अनेकांच्या तोंडी जवळजवळ ‘त्री’ होतो, कारण आपल्यासारखीच त्यांची जीभ दातांना टेकते.

शाळा उघडल्यावर मी त्याच वर्गात नकाशा लावला आणि आयर्लंड दाखवून ही गोष्ट सांगितली. त्या मुलाचं नाव घेतलं नाही. पण तो माझ्याकडे बघत होता.

मग कसंही बोललं तरी चालेल का?

नाही हं! एवढा सोपा अर्थ काढू नका. स्वयंपाकाच्या पद्धती घरोघरी वेगळ्या असल्या तरी आमटीत मीठ लागतंच. बोललेलं समोरच्याला कळलं पाहिजे, हे ते मीठ.

कशानं कळतं आणि कशानं अडतं, याचा अभ्यास जेनिफर जेंकिन्स या इंग्लंडच्या विदुषींनी केला. त्यांचं पुस्तक २००० साली आलं. वेगवेगळ्या देशांची माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा कुठे गोंधळ होतो, हे त्यांनी पाहिलं. ज्या ‘थ’साठी आपण जीभ दातांत धरून कष्ट करतो, त्यानं फारसं काही अडत नाही, असं त्यांना दिसलं. अडतं ते भलतीकडेच. त्यांचं म्हणणं आणि माझा वर्गातला अनुभव मिळून चार गोष्टी सांगते. मुलांबरोबर घरच्या घरी करून पाहा.

पहिली, ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत ‘पाणि’ आणि ‘पाणी’ लिहिण्यात फरक पडला तर गुण जातात, बोलताना कुणाला कळतही नाही. इंग्रजीत मात्र अर्थच बदलतो. ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘फिल’ म्हणजे भरा, ‘फील’ म्हणजे वाटणं. मुलांना अशा जोड्या म्हणायला लावा.

दुसरी, दोन ‘व’. मराठीत आपण ‘वॉच’ आणि ‘व्हॅन’ असं वेगळं लिहितो, पण बोलताना खूपदा एकच करतो. ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वॉच’ला फुंकर घालताना करतो तसा ओठांचा चंबू. आरशासमोर दोन मिनिटांत जमतं.

तिसरी, शब्दातला जोर. आपण शब्दाचं प्रत्येक अक्षर सारख्याच वजनानं म्हणतो. इंग्रजीत एका ठिकाणी जोर आणि बाकीचं हलकं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, पण ‘फोटॉग्राफर’मध्ये तो ‘टॉ’वर सरकतो. शब्दकोशात जोराची खूण दिलेली असते, ती बघायची सवय लावा. तसंच वाक्यात महत्त्वाचा शब्द कोणता, त्यावर जोर द्या.

चौथी, घाई. गडबडीनं, अमेरिकन धाटणी आणायच्या नादात बोललेलं काही कळत नाही. सावकाश, तोंड उघडून बोला.

राहिला आपला ‘ट’. आपण ‘टेबल’, ‘टी’ म्हणतो तेव्हा जीभ मागे वळवतो. इंग्रजांची जीभ दातांच्या जरा वर, हिरडीला लागते. ना धड ‘त’, ना धड ‘ट’, मधलंच काहीतरी! आपल्या कानांनी त्याला ‘ट’ ठरवलं. त्यावरून आपण भारतीय आहोत हे ओळखू येतं. येऊ द्या की! आयरिश माणूस आयरिश म्हणून ओळखू येतो, त्यात त्याचं काही बिघडत नाही.

सिंगापूर सरकारनं २००० साली ‘चांगलं इंग्रजी बोला’ अशी मोहीमच काढली. शाळेत, कचेरीत प्रमाण इंग्रजी बोला, असा आग्रह. पण घरात, बाजारात लोक आपली सिंगापुरी ढंगाची इंग्रजी बोलतातच. मला यात वावगं दिसत नाही. घरातली साडी वेगळी, समारंभाची वेगळी. दोन्ही आपल्याच.

पुन्हा पालकसभा

हे सगळं मी लेकीला एकदम बसवून सांगितलं नाही. जेवताना एकेक गोष्ट काढत गेले. एमा चिसिट बाई तिला फारच आवडल्या. तिनं ती गोष्ट त्याच मैत्रिणींना सांगितली. तिचं स्वतःचं ‘वॉडर’ अमेरिकन मालिकांतून आलेलं आहे, हेही तिच्या लक्षात आलं. तिथं दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ होऊन ‘ड’सारखा होतो, लंडनमध्ये बरेच लोक तोच ‘ट’ घशात अडकवून ‘वॉ-अ’ म्हणतात. मी तिला ‘वॉडर’ म्हणू नकोस असं सांगितलं नाही. मॅडमचं ‘स्केज्यूल’ही चूक नव्हतं, हे मात्र आवर्जून सांगितलं.

परवा रात्री माझ्या आईचा अकोल्याहून फोन होता. बोलणं झाल्यावर लेक म्हणाली, “आई, तू आजीशी वेगळंच बोलतेस. ‘पानी नाही आलं का नळाले’ म्हणालीस. आमच्याशी का नाही बोलत तसं?”

मला पटकन उत्तर सुचेना. तेवढ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “आम्ही हसलो ना तिला, म्हणून. नवी होती बिचारी. चुकलंच आमचं.”

चौदा वर्षांत पहिल्यांदा हे बोलणं निघालं. मी नुसतीच “अहो, काहीतरीच काय!” म्हटलं आणि उगाच ओटा पुसायला लागले. लेक एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघत राहिली.

शनिवारी पालकसभा आहे. काल रात्री दप्तर भरता भरता लेक म्हणाली, “आई, तूच ये. आणि ती मोरपंखी नेस.”

मग दारातून परत फिरून म्हणाली, “आणि ‘शेड्यूल’च म्हण हं.”